दार की तार

भागोजी तांबे. आडनाव तांबे आणि धंदा तांब्याच्या तारांचा, हा विनोद मांडवीच्या टॅक्सी स्टँडवर इतक्या वेळा झाला होता की आता त्याला कुणी हसतही नसे. स्टँडच्या कडेलाच त्याची पत्र्याची टपरी होती. तिच्या कपाळावर त्याने स्वतःच्या हाताने रंगवलं होतं: ‘ऑटो इलेक्ट्रिक. बॅटरी, डायनामो, हॉर्न, स्पीकर.’ स्पीकर हा शब्द मागाहून घुसवलेला, त्यामुळे त्यातला शेवटचा ‘र’ पाटीवर मावला नाही, तो शेजारच्या पत्र्यावर जाऊन बसला. पण सत्त्याऐंशी साल उजाडेपर्यंत हा मागून आलेला शब्दच भागोजीचं घर चालवू लागला होता. आखातातून सुट्टीवर येणारा जो तो कॅसेट प्लेअर घेऊन येई, त्यातले काही इथेच विकले जात, आणि गाडीत गाणं नसेल तर भाडं दुसऱ्या गाडीकडे जातं अशी टॅक्सीवाल्यांची पक्की समजूत झाली होती. त्यात रत्नागिरीचं खारं वारं. ते कोणत्याही तारेला फार दिवस सुखाने नांदू देत नाही. नवा बसवलेला स्पीकर वर्षभरात घसा बसल्यासारखा बोलू लागे आणि गाडी भागोजीच्या टपरीपुढे येऊन उभी राही.

त्याची तपासायची रीत ठरलेली होती. गाडी आली की आधी चारी दारं सताड उघडायची. “बंद डब्यात बसून वाफवून घ्यायला मी काय मोदक हाय?” असं तो म्हणे. मग पुढच्या सीटवर आडवं व्हायचं, पाय बाहेर सोडायचे, प्लेअरमागून स्पीकरच्या दोन तारा सोडवायच्या आणि त्या विजेरीतल्या एका साध्या सेलला टेकवायच्या. तार आणि स्पीकर दोन्ही धड असतील तर स्पीकरचा कागद टुणकन उडी मारतो. नाही मारली, तर तार वाटेत कुठेतरी तुटली आहे असं समजायचं आणि शोधत निघायचं. बाकीचे कारागीर सेल टेकवून ‘टक’ असा आवाज येतो का ते ऐकतात. भागोजी स्पीकरची जाळी काढून कागदावर बोट ठेवी आणि उडी बोटाला लागते का ते बघे. लोक म्हणत, ही त्याची खुबी. खुबी कसली डोंबलाची! बिचाऱ्याला तो ‘टक’ ऐकूच येत नव्हता.

भागोजी मुंबईला गिरणीत वायरमन होता, आणि तोही साचेखात्यात. शेकडो मागांच्या धडधडाटात त्याने उमेदीची वर्षं काढली. संपात गिरणी बंद पडली ती पडलीच, आणि भागोजी ट्रंक, वळकटी आणि दोन निकामी कान घेऊन रत्नागिरीला परतला. डावा कान पार गेलेला. उजव्याला गोधडीत डोकं खुपसून ऐकावं इतपत ऐकू येई. समोरच्याचे ओठ दिसत असले तर बरंच निभे, पण त आणि द, प आणि ब असली जोडीची अक्षरं ओठांवर सारखीच दिसतात आणि तिथे त्याची फसगत होई. मग तो नुसता हसे. न कळलेल्या बोलण्यावर हसलं की निम्मं जग निभावून नेता येतं, हे त्याला अनुभवाने ठाऊक झालं होतं.

पण ही गोष्ट त्याने कुणाला कळू दिली नव्हती. बॅटरीवाला बहिरा असला तर कुणाचं काही बिघडत नाही. पण बहिऱ्याच्या हाती स्पीकर कोण देईल? ‘आंधळं दळतंय’ म्हणून लोक हसतील आणि उद्यापासून गाड्या एस्टी स्टँडजवळच्या नव्या दुकानात जातील, याची त्याला खरीखुरी धास्ती होती. पन्नाशीला आलेला माणूस, पुन्हा कुठे नोकरी शोधणार? झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तो बायकोला म्हणे. ती मूठ झाकायला खरी मदत तिचीच होती.

शालन टपरीच्या उजव्या अंगाला सुकी मासळी घेऊन बसायची. मिरकरवाड्याहून सुकट, बोंबील आणायचे आणि टोपल्यात मांडायचे. वरकरणी ती मासळी विकत असे. खरं म्हणजे ती नवऱ्याचे कान होती. स्पीकर दुरुस्त झाला की भागोजी एखादी कॅसेट लावी आणि गंभीर चेहऱ्याने मान तिरकी करून ऐकल्यासारखं करी. तेव्हा त्याची नजर हळूच शालनकडे जाई. तिने हातातल्या बांगड्या मागे-पुढे केल्या की आवाजात खरखर आहे. टोपलीवर थाप मारली की आवाज फाटतोय. डोक्यावरचा पदर नीट केला की सगळं साफ. हे इतकं सहज चाले की आपल्या खुणा कुणाला दिसत असतील असं त्या माउलीच्या स्वप्नातही आलं नाही. गिऱ्हाईकही नेहमी उजव्याच बाजूने येऊन बोले, कारण टपरीच्या डाव्या अंगाला गटार होतं. भागोजी त्या गटाराचे मनातल्या मनात आभार मानी.

असं सगळं बरं चाललं असताना थोरल्या लेकीचं दुसरं बाळंतपण आलं. चिमाचं सासर बुरोंडीला. घरात तिची सासू अंथरुणाला खिळलेली, तेव्हा शालनला जाणं भाग होतं. निघताना ती एस्टीच्या खिडकीतून, ओठ नीट दिसतील असं तोंड करून म्हणाली, “अवो, मी येईतो स्पीकराचं काम घेव नका. बॅटऱ्याच बघा.”

भागोजीने मान डोलावली. आणि एस्टी वळणाआड गेली न गेली तोच राजाराम सुर्व्याची मोठी काळी गाडी टपरीपुढे येऊन थांबली.

राजाराम म्हणजे स्टँडवरचा जुना माणूस, आवाजाने मोठा आणि मनाने त्याहून मोठा. त्याच्या गाडीतले स्पीकर भागोजीनेच बसवलेले, पुढच्या दोन दारांत एकेक. प्लेअर साधा होता, म्हणून दोन्ही स्पीकर एकाच तारेत मण्यांसारखे ओवलेले. एकीकडे तार तुटली की दोन्ही गप्प होणार.

“भागोजी, गाणं मधीच बंद पडतंय रे,” राजाराम म्हणाला. “रविवारी भाचीची वरात हाय. नवरी माज्या गाडीत बसणार. तोवर करून दे.”

“कंदी बंद पडतंय?”

“दार ओढल्यावर.”

भागोजीला ऐकू आलं: तार ओढल्यावर.

“मग ओढायला कोण सांगतो तुला?” तो म्हणाला.

राजाराम बघतच राहिला. “ओढल्याशिवाय गाडी चालवू कशी?”

यातलं ‘गाडी चालवू’ एवढंच भागोजीपर्यंत पोचलं. तो हसला. राजारामला वाटलं, गडी थट्टेच्या लहरीत आहे. तोही हसला आणि चहा प्यायला गेला.

भागोजीने रिवाजाप्रमाणे चारी दारं सताड उघडली, सीटवर आडवा झाला आणि तारा सोडवून सेल टेकवला. दोन्ही दारांतले कागद खणखणीत उडी मारून बोटाला लागले. तार ओढल्यावर बंद पडतं, म्हणजे सांधा ढिला, असा त्याने हिशेब केला. त्याने प्लेअरमागची एकेक तार धरून ओढून पाहिली. कुठे काही सुटेना. तरी सगळे सांधे उकलले, खार चढलेली टोकं पॉलिश पेपरने घासली, नव्याने सोल्डर मारला. कॅसेट लावून स्पीकरवर तळवा ठेवला. गाणं तळव्याला गुदगुल्या करत होतं. राजारामला त्याने ऐटीत हात केला. राजारामने ऐकलं, खूश झाला, गाडीत बसला आणि दार ओढलं. गाणं बंद. पण तोवर भागोजी पाठ करून हात धुवायला गेला होता आणि एस्टीतून उतरलेलं भाडं राजारामसाठी खोळंबलं होतं.

दुसऱ्या दिवशी राजाराम मिरकरवाड्याच्या बाजूने आला तो ड्रायव्हरचं दार अर्धं उघडं ठेवून, सुतळीने बांधून. त्याला गाण्याशिवाय गाडी हाकवेना. भागोजीला वाटलं, याच्या दाराची कडी तुटली असणार. स्पीकरचा डॉक्टर तो, कडीशी त्याला काय करायचंय! त्याने सुतळी सोडली, दार पुरतं उघडलं आणि आडवा झाला. पुन्हा सेल टेकवला, पुन्हा कागद उडाले. आता बोला! रोगी घरी मरायला टेकतो आणि वैद्याच्या दारात आला की नाचू लागतो, तसला प्रकार.

“काल पण तसंच झालं,” राजाराम म्हणाला. “दार ओढल्यावर बंद.”

“ओढून बघितल्या सगळ्या,” भागोजी म्हणाला. “घट्ट हायत.”

राजारामच्या कपाळाला आठी पडली. सगळ्या? घट्ट? तो काही बोलणार होता, पण बाजूला महिपत आणि जानू हे दोघे टॅक्सीवाले बॉनेटवर पत्ते मांडून बसले होते. राजारामने तोंड मिटलं. महिपतने पत्ता टाकता टाकता म्हटलं, “एस्टी स्टँडजवळच्या दुकानात दाखव की. वरात तोंडावर आली.” हे भागोजीला ऐकू आलं नाही, पण दिसलं. ‘दुकानात’ हा शब्द ओठांवर ओळखता येण्याइतका त्याने या दिवसांत भिऊन भिऊन पाठ केला होता.

त्या दिवशी त्याने टपरी लवकर मिटली. घरात शालन नाही, बोलायला कुणी नाही. कुणी बोललं असतं तरी काय उपयोग म्हणा. ‘राजारामच्या गाडीची खोड भागोजीला सापडली नाही’ एवढं स्टँडवर पसरलं की पुढचा प्रश्न ‘का सापडली नाही’ हाच येणार, आणि त्याचं उत्तर दोन्ही कानांवर लिहिलेलं होतं. पाटीवरचा ‘स्पीकर’ आपल्याच हाताने पुसावा लागेल असं त्याला वाटलं. बुद्धविहारातला लाऊडस्पीकरही तोच बघे. तेही काम जाईल, आणि मंडळी तोंडावर काही बोलणार नाहीत, नुसती दुसऱ्या कुणाला तरी बोलावतील. हे त्याला जास्त लागलं.

शनिवारी राजाराम तिसऱ्यांदा आला. उन्हं कलली होती. आल्या आल्या त्याने महिपतला आणि जानूला हाक मारली, “जावा रे, चहा पिऊन या. माज्या नावावर सांगा.” दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मुकाट उठून गेले. राजारामने कधी चहा पाजल्याचं स्टँडच्या स्मरणात नव्हतं, तरी त्यांनी काही विचारलं नाही.

भागोजी दारं उघडायला पुढे झाला. राजारामने त्याचं मनगट धरलं. त्याला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं, कॅसेट लावली, आणि त्याचा तळवा घेऊन उघड्या दारातल्या स्पीकरवर ठेवला. गाणं तळव्याखाली थरथरत होतं. मग राजारामने बाहेरून ते दार अगदी सावकाश, झोपलेल्या पोराच्या खोलीचं लोटावं तसं, लोटत आणलं. दार चौकटीला टेकलं आणि तळव्याखालची थरथर मेली. दार उघडलं, थरथर परत आली. पुन्हा लोटलं, पुन्हा मेली.

भागोजीचे डोळे विस्फारले.

“दार?” तो म्हणाला.

“दार!” राजाराम खिडकीत तोंड घालून, ओठ ताणून म्हणाला. “दाराचा द! तीन दिस झाले तुला सांगतंय!”

भागोजी उतरला आणि बिजागरीपाशी उकिडवा बसला. गाडीच्या अंगातून दारात जाणारी तार रबराच्या नळीतून गेली होती. नळी मागे सारून त्याने तार दोन बोटांत धरली आणि हळूहळू चाचपत गेला. वरचं वेष्टण शाबूत होतं, पण एका जागी तार दोरीसारखी लिबलिबीत लागली. आतलं तांबं तिथे तुटलेलं. दार उघडलं की तार सरळ होई आणि तुटकी टोकं एकमेकांना भिडत. दार लागलं की ती मुडपे आणि टोकं निसटत. गेले तीन दिवस सगळी दारं सताड उघडून तोच ती टोकं स्वतःच्या हाताने जुळवत होता आणि मग दोष कुठे आहे म्हणून गाडीभर शोधत होता. त्याला हसूही आलं आणि रडूही. त्याने तिथे नवी तार घातली, या वेळी चांगली ऐसपैस, वळसा देऊन, दाराला कितीही उघडमीट करू दे. मग दार लावून घेतलं, आतून तळवा ठेवला. थरथर होती.

काम झालं तरी तो गाडीतून उतरेना. शेवटी समोरच्या काचेकडे बघत म्हणाला, “तुला कंदीपासून ठावूक हाय?”

“काय?”

“माज्या कानाचं.”

राजाराम वळसा घालून आला आणि शेजारी, त्याच्या डाव्या बाजूच्या सीटवर बसला. मग त्याच्या लक्षात आलं. भागोजीचा चेहरा हाताने आपल्याकडे वळवून तो म्हणाला, “तुज्या टपरीच्या डाव्या अंगाला कोण उभा रवतो काय रे?”

“तिकडे गटार हाय.”

“गटारावर फरशी पडून दोन पावसाळे झाले, भागोजी.”

भागोजीने मान वळवून बघितलं. फरशी पडली तेव्हाही त्याने बघितली होती, रोज बघत होता, पण अशी कधी बघितली नव्हती. चांगली रुंद, टपरीला लागून, सावलीची जागा. उन्हात उभं राहण्यापेक्षा कुणीही तिथेच उभं राहिलं असतं. आणि त्या फरशीवर गडद हिरवं शेवाळ धरलेलं होतं, ते कुठेही घसटलेलं नव्हतं. स्टँडवर डझनभर गाड्या, दिवसभर माणसांची ये-जा, आणि दोन वर्षांत एकही पाय तिथे पडला नव्हता.

“सगळ्यांना?” त्याने विचारलं.

“सगळ्यांना. वयनीच्या बांगड्या वाजल्या की जानूसुद्धा वळखतो, खरखर हाय म्हणून.”

“मग बहिऱ्याकडं स्पीकर आणता कशाला रे?”

“गाडी गाते ना? मग तुजे कान काय आमाला चाटायचे हायत?” राजाराम एकदम चिडल्यासारखा म्हणाला. चिडल्याशिवाय असलं काही बोलणं त्याला जमत नसे. “त्या नव्या दुकानात एकदा गेलो होतो. पोरगा चांगला हाय, ऐकतो पण चांगला. पण आमच्या गाडीला कोण हात लावतंय ते आमाला कळाय नको? तू लावलास की कसं घरातल्यानं लावल्यासारखं वाटतं. उतर आता. मला गाडी धुवायची हाय.”

भागोजी उतरला. डोळे पुसायला त्याच्या हातात फक्त पॉलिश पेपर होता, म्हणून त्याने ते बाहीला पुसले. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तो इतकी वर्षं म्हणत आला होता. ती मूठ त्याची एकट्याची कधी नव्हतीच. सगळ्या स्टँडाने मिळून ती झाकून धरली होती.

वरात झोकात झाली. नवरी गाडीत बसली, दार लागलं आणि गाणं चालूच राहिलं. भागोजी रस्त्याच्या कडेला उभा होता. गाडी जवळून गेली तेव्हा राजारामने मुद्दाम वेग कमी केला आणि भागोजीने चालत्या गाडीच्या दारावर दोन पावलं तळवा टेकवून पाहिला.

शालन महिन्याभराने परतली. नातू झाल्याचे पेढे, बुरोंडीची सुकट आणि एक काळजी घेऊन आली. टोपली खाली ठेवण्याआधीच तिने नवऱ्याला टपरीच्या आडोशाला ओढलं आणि ओठ हलवून विचारलं, “मी नव्हते तर कुणाला काय कळलं नाय ना?”

भागोजीने तिच्याकडे बघितलं. प्रवासाने दमलेली, केसांत धूळ, आणि डोळ्यांत जीव गोळा झालेला. इतकी वर्षं हिने उन्हात बसून आपली अब्रू राखली होती. राखली म्हणून तिला केवढा अभिमान होता! तो तिच्या हातून काढून घ्यायचा म्हणजे बांगड्याच उतरवायला सांगण्यासारखं होतं.

“छ्या! कुणाला कळतंय?” तो म्हणाला. “पण गो, तू नव्हतीस तर माजं काय चालेना. राजारामच्या एका गाडीपायी तीन दिस घालवले मी.”

“मी सांगितलेलं, स्पीकर घेव नका म्हणून!” शालन म्हणाली आणि प्रसन्न होऊन बोंबील मांडायला बसली.

तासाभराने जानूची गाडी आली. जानू उतरला, टपरीपुढच्या उन्हात उजव्या बाजूला येऊन उभा राहिला आणि कपाळावर हात धरून म्हणाला, “वयनी, आलाव काय? बरा झाला.” भागोजीने चारी दारं उघडली, मग काहीतरी आठवून एकेक करून लावून घेतली, आणि आत घामाघूम होत तारा तपासल्या. शेवटी कॅसेट लावली. तळवा स्पीकरवर होता. कागदाची एक कड सुटून फडफडतेय हे तळव्याला केव्हाच कळलं होतं.

तरी त्याने मान तिरकी केली आणि ऐकल्यासारखं केलं. मग खिडकीतून हळूच शालनकडे बघितलं. जानू लगबगीने पाठ फिरवून समुद्राकडे बघू लागला. शालनने इकडे तिकडे बघून घेतलं आणि हातातल्या बांगड्या मागे-पुढे केल्या.

“खरखर हाय,” भागोजी म्हणाला.